रीसेटचं बटण कसं असावं

फोनचं मागचं झाकण नखाने उघडत होतं तोवर रीसेटच्या बटणावाचून कुणाचं अडत नव्हतं. फोन हँग झाला की बॅटरी काढायची, दहा आकडे मोजायचे, परत घालायची. बॅटरी काढणं हाच रीसेट होता, आणि तो कधीच फसत नसे, कारण त्यात सॉफ्टवेअरला विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढे बॅटरी गोंदाने चिकटवून आत बंद झाली. बॅटरी काढण्याचं ते काम आता एखाद्या बटणाकडे आलं आहे, आणि बनवणाऱ्याने त्याचा नीट विचार केला नसेल तर गिऱ्हाइकाच्या हातात एकच उपाय उरतो: बॅटरी आपोआप उतरेपर्यंत दोन-तीन दिवस वाट बघायची.

खिशात मावणारं, लिथियम बॅटरीवर चालणारं छोटं उपकरण जे स्वतः बनवतात (वाय-फायवाला डेटा लॉगर, ब्लूटूथ स्पीकर, मनगटावरचा बँड, घरातला सेन्सर) त्यांच्यासाठी हे आहे.

आधी ठरवा, पुसायचं किती

रीसेट या एका शब्दात तीन वेगळी कामं कोंबली जातात. पहिलं, अडकलेलं उपकरण बंद होऊन पुन्हा सुरू होणं. यात काहीही पुसलं जात नाही. दुसरं, सेटिंग मूळ जागी जाणं. वाय-फायचा पासवर्ड, जोडलेले फोन, आवाजाची पातळी जाते, पण साठवलेल्या नोंदी राहतात. तिसरं, सगळंच पुसणं, म्हणजे उपकरण विकताना किंवा कुणाला देताना करायचं ते. लोक बटणाला घाबरतात ते या तिन्हींचा घोळ असतो म्हणून. पहिलं काम हवं असतं, पण तिसरं होईल या भीतीने कुणी बटणाला हात लावत नाही.

१९९० च्या दशकातल्या पाम पायलट या तळहातावरच्या छोट्या संगणकाने हे बरंच नीट सोडवलं होतं. पाठीला एक भोक. त्यात टोचलं की साधा रीसेट, डेटा शाबूत. स्क्रोलचं वरचं बटण दाबून धरून टोचलं की बाहेरून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या करामती वगळून सुरुवात. पॉवरचं बटण दाबून धरून टोचलं तर सगळं पुसायची तयारी, तीही पडद्यावर एकदा विचारून. नुसतं टोचण्याने कधीच काही गमवायचं नाही, हा त्यातला खरा धडा. तुमच्याकडे एकच बटण असलं तरी तो पाळता येतो.

जबरदस्तीचा रीस्टार्ट सॉफ्टवेअरच्या हाती देऊ नका

सर्वात जास्त दिसणारी चूक ही. बटण प्रोसेसरच्या साध्या इनपुट पिनला जोडतात आणि फर्मवेअरमध्ये (उपकरणात भरलेल्या प्रोग्रॅममध्ये) लिहितात की दहा सेकंद दाबलं तर रीस्टार्ट कर. मग फर्मवेअरच अडकलं की ते दहा सेकंद मोजणार कोण? ज्या वेळेसाठी बटण ठेवलं, नेमक्या त्याच वेळी ते मेलेलं असतं.

म्हणून सेकंद मोजणारा भाग प्रोसेसरच्या बाहेर हवा. फोनमध्ये हे काम पॉवर सांभाळणारी चिप करते. छोट्या उपकरणात बटणासाठीच बनवलेली स्वतंत्र चिप लावता येते. एलटीसी २९५४ घ्या: बटण दाबलं की ती आधी प्रोसेसरला इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लक्ष वेधणारा इशारा) देऊन शहाण्यासारखं बंद व्हायची संधी देते, ठरावीक वेळानंतरही बटण दाबलेलंच असेल तर कुणालाही न विचारता पॉवर तोडते. ती वेळ बाहेरच्या एका कपॅसिटरने ठरते. दोन बटणं एकत्र दाबल्यावरच चालणाऱ्या चिप हव्या असतील तर एसटीची स्मार्ट रीसेट मालिका आहे.

किती सेकंद? डेस्कटॉप संगणकात पॉवरचं बटण ४ सेकंद धरलं की जबरदस्तीने बंद होतो. निन्टेन्डो स्विचला १२ सेकंद लागतात, अँड्रॉइडच्या मदत-पानावर साधारण ३० सांगितले आहेत, किंडलला तर ४०. चार सेकंद टेबलावरच्या यंत्राला ठीक, खिशातल्या वस्तूला कमी. पिशवीत वहीखाली दबलं तरी चार सेकंद सहज होतात. आणि चाळीस सेकंद कुणी बटण दाबून बसत नाही. पंधराव्या सेकंदाला माणूस सोडून देतो आणि मेलंय म्हणतो. ८ ते १२ सेकंद ही खिशातल्या वस्तूसाठी योग्य जागा. काम बटण सोडल्यावर नव्हे, वेळ भरल्या क्षणी व्हावं, आणि ते डोळ्याला दिसावं. प्रोसेसर अडकलेला असताना एलईडी लुकलुकवणार कोण, असं वाटेल. पण एक एलईडी थेट ३.३ व्होल्टच्या रेलवर (सर्किटला वीज पुरवणाऱ्या लाइनवर) असेल तर पॉवर तुटताच तो आपोआप विझतो. वेगळी खूण करायची गरज पडत नाही.

आयफोन ८ पासून पुढच्या फोनना आवाज वाढवायचं बटण एकदा, कमी करायचं एकदा, मग बाजूचं बटण लोगो दिसेपर्यंत धरायचं, असा क्रम आहे. चुकून होणं अशक्य, ही त्याची बाजू. पण हा क्रम स्वतःहून कुणाला सुचणार नाही, आणि आवाजाचं एखादं बटण मोडलं की रस्ताच बंद. क्रम ठेवायचाच असेल तर दुसरी वाटही ठेवा: चार्जर जोडून एकच बटण धरलं तरी चालावं.

रीसेट पिन खाली ओढणं पुरेसं नसतं

प्रोसेसरची रीसेट पिन शून्यावर नेली की प्रोसेसर पहिल्यापासून सुरू होतो. शेजारचा सेन्सर, मेमरी कार्ड, मोडेम मात्र होते तिथेच राहतात. आय-टू-सी बसवर (चिपना आपसात बोलायच्या दोन तारांवर) हे हमखास घडतं: प्रोसेसर सेन्सरकडून बाइट वाचत असतानाच रीसेट होतो, सेन्सर पुढच्या क्लॉकची वाट बघत डेटा लाइन खाली धरून बसतो, आणि नव्याने उठलेल्या प्रोसेसरला बस कायमची व्यग्र दिसते. गिऱ्हाईक म्हणतं, रीसेट केलं तरी तेच. फर्मवेअरमध्ये यावर इलाज आहे: सुरुवातीलाच क्लॉकच्या लाइनवर नऊ पल्स द्यायचे, मग स्टॉप, म्हणजे बोलणं संपल्याची खूण. पण खात्रीचा इलाज म्हणजे सगळ्यांची पॉवर एका लोड स्विचने (पॉवर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चिपने) तोडणं.

तोडायची तर पुरेसा वेळ तोडा. रेलवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि पुढचा भार नगण्य असेल तर व्होल्टेज आरामात उतरत राहतं. बंद होताना आउटपुट जमिनीशी (ग्राउंडशी) जोडून कपॅसिटर रिकामा करणारा लोड स्विच घ्या. त्यातला रेझिस्टर ४७० ओहम धरला तर ४७० × १०० मायक्रोफॅरड म्हणजे ४७ मिलीसेकंद. त्याच्या पाचपट, साधारण २३५ मिलीसेकंदांत रेल शून्याजवळ येते. अर्धा सेकंद बंद ठेवलं की निर्धास्त.

इथे एक चोरवाट असते. संगणकाशी बोलणारी यूएसबी-सिरियलची चिप वेगळ्या पॉवरवर असेल, तर तिची ट्रान्समिट लाइन ३.३ व्होल्टवर राहते आणि प्रोसेसरच्या पिनमधल्या संरक्षक डायोडमधून रेलमध्ये करंट झिरपतो. पॉवर बंद असूनही रेल दीड व्होल्टवर तरंगते आणि चिप ना जागी ना झोपलेली. बंद असताना मल्टिमीटर लावून रेल मोजा, ०.२ व्होल्टच्या वर दिसलं की अशी वाट शोधा आणि लाइनमध्ये १ किलोओहम घाला किंवा बफर टाका.

दुसरी चोरवाट चार्जरची. लोड स्विच बॅटरी आणि चार्जर यांच्यामध्ये लावला असेल तर चार्जर जोडलेला असताना काहीच तुटत नाही, आणि उपकरण अडकल्यावर लोक पहिली गोष्ट करतात ती चार्जर जोडणं. स्विच चार्जर आणि बॅटरी या दोन्हींच्या पुढे, सर्किटच्या तोंडाशी हवा.

बटणाचं सर्किट

ईएसपी ३२ या वाय-फायवाल्या चिपसाठी ईएन (चिप चालू करणाऱ्या) पिनला १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर, आणि जमिनीकडे १ मायक्रोफॅरड. यातून १० मिलीसेकंदांचा उशीर मिळतो आणि पॉवर स्थिरावल्यावर चिप उठते. एटमेगा ३२८ या चिपला १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड पुरतो. बटण थेट कपॅसिटरवर टाकू नका. दर दाबाला साठलेला चार्ज खटक्याच्या पातळ पत्र्यातून एकदम वाहतो. मध्ये १०० ते ४७० ओहम घाला. जास्त सुरक्षित म्हणून ४.७ किलोओहम घातला, तर पुल-अपशी वाटणी होऊन पिन एक व्होल्टच्या वरच राहते आणि बटण दाबूनही काही होत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हे सगळं सुट्या नाण्यांत मिळतं, तेव्हा इथे काटकसर नको.

रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी एका ठिकाणी हमखास फसते. व्होल्टेज क्षणभर ३.३ वरून २ वर येऊन परत गेलं, तर तेवढ्यात कपॅसिटर रिकामा होत नाही, रीसेट मिळत नाही, पण प्रोसेसरचं डोकं मात्र फिरलेलं असतं. अशा अवस्थेत तो मेमरीत काहीबाही लिहून ठेवतो. निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवर १९८७ च्या सुमारास अमेरिकेत बॅटरीवाली कार्ट्रिज आली, तेव्हा खेळणाऱ्यांना सांगावं लागलं होतं की रीसेट दाबून धरा आणि मगच पॉवर बंद करा. व्होल्टेज उतरताना प्रोसेसरने साठवलेल्या खेळावर कचरा लिहू नये, एवढाच त्याचा अर्थ. आज हे काम माणसाच्या बोटाला लावायचं कारण नाही. मॅक्स ८०९ एस सारखी तीन पायांची चिप रेल २.९३ व्होल्टच्या खाली गेली की रीसेट ओढून धरते आणि व्होल्टेज परत वर आल्यावरही किमान १४० मिलीसेकंद सोडत नाही. बटणासाठी वेगळी पिन हवी तर मॅक्स ८११ घ्या.

ईएसपी ३२ वाल्यांसाठी एक खास सापळा. बोर्डावरचं बूट लिहिलेलं बटण जीपीआयओ शून्य या पिनवर असतं. तेच बटण फॅक्टरी रीसेटला वापरून माहितीपत्रकात लिहिलं की बटण दाबून धरा आणि पॉवर द्या, तर चिप प्रोग्रॅम भरायच्या अवस्थेत जाऊन गप्प बसते. ना दिवा, ना वाय-फाय. उपकरण मेलं समजून ते परत येतं. उपकरण सुरू असताना ते बटण वाचायला हरकत नाही. पॉवर देतेवेळी ते दाबलेलं नको.

पुसण्याचं बटण फर्मवेअरमध्ये

इथे मात्र सेकंद सॉफ्टवेअरनेच मोजायचे, कारण पुसायला सॉफ्टवेअर शुद्धीवर असावंच लागतं. खटक्याचे पत्रे दाबल्यावर काही मिलीसेकंद थरथरतात. ३० मिलीसेकंद सलग एकच स्थिती दिसली तरच दाब खरा धरा. मग एक चालणारी रचना अशी: ३ सेकंदांना एलईडी सावकाश लुकलुकतो, इथे सोडलं तर फक्त जोडणी नव्याने. ७ सेकंदांना एलईडी भराभर, इथे सोडलं तर पुसायची तयारी, आणि पुढच्या ५ सेकंदांत पुन्हा एक छोटा दाब दिला तरच पुसणं. तो दाब आला नाही तर जसं होतं तसं. न सोडता धरून ठेवलं तर ही तयारी रद्द, आणि १२ व्या सेकंदाला हार्डवेअरचा रीस्टार्ट. त्यात काही जात नाही. दोन टप्प्यांमध्ये तीन-चार सेकंदांचं अंतर हवंच, माणसं मनातल्या मनात मोजताना घाईने मोजतात. सुरू होताक्षणी बटण दाबलेलं दिसलं तर एकदा सुटल्याशिवाय मोजायला सुरुवातच करू नका. पावसाळ्यात ओल जाऊन किंवा कव्हर घट्ट बसून बटण अडकतं, आणि मग उपकरण रोज सकाळी स्वतःला पुसून घेतं.

पुसताना लाइट जाईल, बॅटरी संपेल, कुणी वायर ओढेल हे गृहीत धरा. पुसायला लागण्याआधी कायमच्या मेमरीत एक खूण लिहायची: पुसायचंय. मग रीस्टार्ट. उठल्यावर सगळ्यात आधी ती खूण बघायची, असेल तर पुसायचं, आणि खूण सगळ्यात शेवटी काढायची. मध्ये पॉवर गेली तरी पुढच्या वेळी काम पहिल्यापासून पुन्हा होतं, अर्धवट राहत नाही.

यातला छुपा दगड वॉचडॉगचा, म्हणजे प्रोग्रॅमने वेळेत थोपटलं नाही तर चिप रीसेट करणाऱ्या घड्याळाचा. फ्लॅशचा ४ केबीचा एक सेक्टर पुसायला ढोबळपणे ५० मिलीसेकंद धरा. १ एमबी म्हणजे २५६ सेक्टर, म्हणजे जवळपास १३ सेकंद. वॉचडॉग ८ सेकंदांचा असेल आणि पुसण्याच्या चक्रात त्याला थोपटलं नसेल, तर तो आठव्या सेकंदाला रीसेट करतो, खूण तशीच, पुन्हा पुसणं, पुन्हा आठव्या सेकंदाला रीसेट. हे जन्मभर चालू. दर सेक्टरनंतर वॉचडॉगला थोपटा आणि एलईडीही हलता ठेवा, नाहीतर तेरा सेकंद शांतता बघून माणूस वायर काढतो.

काय पुसायचं नाही हेही लिहून काढा: सिरियल नंबर, मॅक पत्ता (नेटवर्कवरची उपकरणाची ओळख), आणि कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक ठेवणारे आकडे). स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याचा कॅलिब्रेशनचा आकडा सेटिंगच्या शेजारी ठेवला आणि फॅक्टरी रीसेटमध्ये तो गेला, तर काटा सुरू होतो, छान दिसतो, आणि किलोभर साखर भलतीच तोलतो. फॅक्टरी म्हणजे कारखान्यातून निघताना होतं तसं, आणि निघताना कॅलिब्रेशन झालेलं होतं. ते वेगळ्या विभागात ठेवा.

उलट बाजूने, पुसलं म्हटल्यावर खरंच पुसलेलं हवं. फाइलच्या यादीतून नाव काढलं की डेटा जात नाही. फ्लॅशचा कंट्रोलर नवीन लिखाण दुसऱ्याच जागी करतो, जुनं तिथेच राहतं. डेटा आधीपासून कूटबद्ध ठेवून फक्त किल्ली नष्ट करणं हा जलद आणि खात्रीचा मार्ग. मेमरी कार्ड त्यात येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि सर्व्हरवरचं खातं विसरू नका: कॅमेरा पुसून विकला पण खात्याशी नातं तुटलं नाही, तर जुन्या मालकाला नव्याचं घर दिसत राहतं. चोराला उपयोग होऊ नये म्हणून फोनवाल्यांनी उलटी गाठही मारली आहे. आयफोनमध्ये २०१३ च्या आयओएस ७ पासून आणि अँड्रॉइडमध्ये ५.१ पासून पुसलेला फोनही जुन्या खात्याची ओळख मागतो. पण अशी गाठ मारलीत तर खऱ्या मालकाला ती सोडवायची वाट द्या.

बटण कुठे आणि भोक केवढं

१९७७ च्या अॅपल टू मध्ये रीसेटची कळ की-बोर्डवर रिटर्नच्या अगदी वर होती. बोट जरा घसरलं की तासाभराचं काम गेलं. लोक त्या कळीखाली कडक स्प्रिंग बसवायला लागले. नंतरच्या मॉडेलांत कंट्रोल धरल्याशिवाय रीसेट न होण्याची सोय आली. १९८१ च्या आयबीएम पीसीत डेव्हिड ब्रॅडली यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट निवडलं ते डिलीट की-बोर्डच्या दुसऱ्या टोकाला होतं म्हणून. आधीच्या कंट्रोल-ऑल्ट-एस्केपला एका हाताचा धक्काही पुरत होता.

पुसण्याचं बटण भोकाआड ठेवणार असाल तर भोक १.५ मिलिमीटरचं ठेवा. सिमची पिन आणि साधी पेपरक्लिप दोन्ही जातात. १ मिलिमीटर केलं तर क्लिप अडते आणि माणूस सेफ्टी पिनकडे वळतो. तिचं टोक खटक्यावरून घसरून बोर्डवर ओरखडा काढतं. भोकापासून खटक्यापर्यंत प्लास्टिकची नळी द्या, म्हणजे पिन भरकटत नाही. नेहमीच्या ६ × ६ मिलिमीटरच्या खटक्यात १६० आणि २६० ग्रॅम जोराचे प्रकार मिळतात. भोकाआड २६० चा घ्या, टिक्क जाणवते. आत जाणारी पिन धातूची आणि हातावर स्थिर वीज, तेव्हा खटक्यापाशीच टीव्हीएस डायोड (स्थिर विजेचा झटका झेलणारा) हवा. नेहमीची चाचणी स्पर्शाने ८ किलोव्होल्ट आणि हवेतून १५ किलोव्होल्टची असते.

आणि हे भोक मायक्रोफोनच्या भोकाशेजारी कधीच नको. दोन्ही सारखीच दिसतात, माणूस चुकीच्या भोकात टोचतो, आणि माइकचा किंवा पाणी अडवणारा पातळ पडदा फाटतो. शक्य तर वेगळ्या बाजूला ठेवा, नाहीतर भोवती गोल उठाव द्या.

बटणच नसलेल्या वस्तूंचं काय? स्मार्ट बल्बला तीन किंवा पाच वेळा चालू-बंद करून रीसेट करायची पद्धत आहे. जिथे वीज येते-जाते-येते, तिथे वादळी संध्याकाळी घरातले सगळे बल्ब एकदम लुकलुकून जोडणी मागू लागतात. ही पद्धत ठेवायचीच असेल तर दर चालू काळ १ ते ३ सेकंदांच्या पट्टीत असेल तरच मोजा, आणि निदान सहा वेळा लागू द्या. वीज झटके देते ती इतक्या तालात देत नाही.

कारखान्यातून निघण्यापूर्वी

इंटरप्ट बंद करून अनंत चक्रात अडकवणारं फर्मवेअर मुद्दाम भरा आणि बटण धरा. चार्जर लावून एकदा, काढून एकदा. पुसत असताना निरनिराळ्या क्षणी पन्नास वेळा वायर ओढा. बटण चिकटपट्टीने दाबून रात्रभर ठेवा. प्रत्येक वेळी उठल्यावर रीसेटचं कारण (बटण, वॉचडॉग की व्होल्टेज) चिपच्या नोंदीतून वाचून साठवा. परत आलेल्या मालाचं निदान पुढे यावरच होतं. सलग चार वेळा सुरू होताना कोसळलं तर साधं, वाय-फायशिवायचं सुरक्षित रूप सुरू व्हावं, पण आपोआप पुसणं नको.

मग लेबल. खोक्यातल्या कागदावर नाही, उपकरणाच्या पाठीवर, कारण कागद पहिल्याच आठवड्यात रद्दीत जातो. दोन ओळी पुरतात:

अडकलं तर: बटण १२ सेकंद धरा. डेटा जात नाही.
सगळं पुसायचं तर: ७ सेकंद धरा, दिवा भराभर लुकलुकताच सोडा, मग एकदा दाबा.